अंगठा वर ठेवायचा

डिझेल इंजिनाचं हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला, वर ठेवायचा, मुठीत दुमडायचा नाही, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं. इंजिन कधी कधी उलटं मारतं. म्हणजे चाक पुढं जायचं सोडून झटक्यानं मागं फिरतं आणि त्याच्याबरोबर लोखंडी हँडलही. अंगठा मोकळा असला तर हँडल हातातून निसटतं आणि माणूस चार शिव्या देऊन पुन्हा कामाला लागतो. अंगठा आत असला तर हाड जातं. आमच्या धरणाच्या काठावर कुणाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं दिसलं की लोक एवढंच म्हणायचे, "नवा दिसतोय गडी."

माझे वडील, म्हणजे अण्णा, तीस वर्षं हँडल मारत आले आणि त्यांचे दोन्ही अंगठे शाबूत होते. याचा त्यांना भारी गर्व. चहाचा कप धरतानासुद्धा अंगठा वर. मला लहानपणी त्याचं हसू यायचं.

आमची माणसं मुळात मेंढरांमागं फिरणारी. पैठणला धरण झालं, पाणी मागं मागं सरकत गंगापूर तालुक्यात आमच्या शिवारापर्यंत आलं आणि चराईची रानं त्याखाली गेली. आजोबा उरलेली मेंढरं घेऊन दुसरीकडं निघाले. अण्णा मागं राहिले आणि त्यांनी नाव घेतली. मेंढपाळाचं पोर नाव चालवणार म्हणून गावानं यथेच्छ थट्टा केली. "बुडताना ब्यां ब्यां करू नको म्हंजे झालं," असं त्यांना एकानं ऐकवलं होतं. पण पलीकडच्या तालुक्यात जायचं तर रस्त्यानं अर्धा दिवस मोडायचा आणि नावेनं पाऊण तास. थट्टा करणारे सगळे एकेक करून नावेत बसले.

नाव लाकडी, रुंद बुडाची. वीस माणसं आणि दोन मोटारसायकली बसायच्या. इंजिन वैजापूरकडच्या एका कांदेवाल्याकडून घेतलेलं. त्याची विहीर आटली होती, त्यामुळं इंजिन त्याच्या काही कामाचं राहिलं नव्हतं. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, हिरवा रंग उडालेलं. कोरड्या विहिरीवरून निघून ते पाण्यावर आलं, म्हणून माय त्याला नशीबवान म्हणायची.

हे इंजिन चालू करणं दोन माणसांचं काम होतं. त्याच्या डोक्यावर एक लहानसा खटका होता. तो उचलून धरला की आतली हवा दबत नाही आणि चाक हलकं फिरतं. एकानं खटका धरायचा, दुसऱ्यानं हँडल फिरवायचं. सुरुवातीला चाक जड जातं, मग वेग घेतं, आणि पुरेसा वेग आला की खटका सोडायचा. मग आत दाब होतो, डिझेल पेटतं आणि इंजिन धरतं. खटका उशिरा सोडला तर हँडल मारणारा दमतो, बाकी काही होत नाही. लवकर सोडला तर चाक मध्येच अडतं. बहुतेक वेळा नुसतं 'भक्' करून थांबतं. कधी तरी उलटं मारतं.

खटका मायच्या हातात असायचा. माय आणि अण्णा एरवी एकमेकांशी फार बोलत नसत. बोललेच तर भांडायला. पण सकाळी पहिल्या फेरीला दोघं इंजिनापाशी समोरासमोर बसली की भांडण कुठं जायचं कोण जाणे. अण्णा "सोड" म्हणत नसत आणि माय विचारत नसे. तिचं बरोबर व्हायचं. मला शिकवताना ती म्हणाली होती, "तोंडाकडं बघू नको. तोंडानं सांगस्तोवर येळ गेलेली असती. खांद्याकडं बघ. खांदा सैल पडला म्हंजे चाक आपल्या जोरानं फिरतंय. तवा सोडायचा." मी शिकले. लग्न होऊन शहरात येईपर्यंत मायला बरं नसलं की खटका मी धरायची, आणि सांगायला हरकत नाही, माझ्या हातून एकदाही चुकला नव्हता.

लग्नानंतर मी पुंडलिकनगरला आले. आमचे हे वाळूजला कंपनीत, शिफ्टच्या बसनं जाणारे. मी घरी शिलाई मशीन घेतलं, ब्लाउज आणि फॉल-पिको करू लागले. अण्णांना डिझेल वाचवायला नावेवर शीड लावायचं होतं. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, त्याच्या जोरावर एक फेरी तरी फुकट होईल असा त्यांचा हिशेब. कापड कुठून आणायचं? आमच्या भागात तेव्हा रोज नवी वसाहत उभी राहत होती आणि चौकाचौकात प्लॉटच्या जाहिरातींचे फ्लेक्स लागत होते. जुने झाले की ते लोक फेकून द्यायचे. मी तसे चार फ्लेक्स जमवले, दुहेरी शिवले, कडेला दोरी घातली. छापलेली बाजू आत घ्यायला विसरले. त्यामुळं पुढची कितीतरी वर्षं नाथसागराच्या, म्हणजे आमच्या धरणाच्या, पाण्यावरून 'आपल्या हक्काचा प्लॉट' असं लिहिलेलं एक शीड फिरत राहिलं. अण्णांना वाचता येत होतं. ते म्हणाले, "पान्यावर प्लॉट इकायला काढला का गं?" माय तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं तसं हसणं मी त्यानंतर पाहिलं नाही, कारण पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. छातीत दुखलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं.

माय गेल्यावर महिन्याभरानं मी गावी गेले, तेव्हा अण्णा इंजिन कसं चालू करतात ते पाहिलं. त्यांनी खटक्याला सुतळी बांधली होती आणि सुतळीचं दुसरं टोक दातात धरलं होतं. वाकून हँडल फिरवायचे, मान मागं ताणून सुतळी ओढून धरायचे, आणि वेग आला की तोंड उघडायचं. सुतळी सुटली की खटका पडायचा. पुढचा एक दात हलायला लागला होता. मी म्हटलं, "कुणाला तरी सोबत घ्या की." तर म्हणाले, "कुनाला? तुझ्या मायसारखं कुनाला जमतंय?" आणि वर, "दात माझं, सुतळी माझी. तुझं काय जातंय?"

मग दुष्काळाची वर्षं आली. एक नाही, लागोपाठ. आधी पाणी काठापासून पावलभर सरकलं, मग शेतभर, मग दिसेनासं होईपर्यंत. अण्णा दर आठ-पंधरा दिवसांनी चार माणसं लावून नाव खाली ओढायचे. मधल्या चिखलाला भेगा पडल्या. बुडालेला जुना रस्ता उघडा पडला आणि मोटारसायकलवाले त्यावरून वळसा घालून जाऊ लागले. आजोबांच्या मेंढवाड्याचे दगडसुद्धा वर आले. अण्णा एक दिवस जाऊन त्यावर बसून आले आणि काय वाटलं म्हणून मी फोनवर विचारलं, तर म्हणाले, "गार व्हते."

उरलेलं पाणी नळानं आमच्याकडं शहरात यायचं. पुंडलिकनगरात आठवड्यातून एकदा पाणी, तेही अर्धा तास. आम्ही बायका बादल्या, पातेली, पिंपं भरून ठेवायचो आणि महापालिकेला शिव्या घालायचो. मीही घालायची. पण पिंपात पाणी पडताना मला अण्णांची नाव दिसायची आणि ती आणखी थोडी खाली गेली असेल असं वाटायचं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर शेजारीण म्हणाली असती, मग पिऊ नको.

अण्णांना मी शहरात या म्हणून किती विनवलं! त्यांना धाप लागायची, दोन फेऱ्यांनंतर बसून घ्यावं लागायचं. नावेत माणसं तीन नाहीतर चार. पाणी एवढं अरुंद झालेलं की या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जाईल. तरी म्हणायचे, "पानी येतंय परत. आलं आन् नाव नसली तर लोकांनी काय करावं?" मी फोनवर ओरडले की म्हणायचे, "शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको." मला राग यायचा. खरं तर भीती वाटायची. सकाळी सुतळी दातात धरून वाकलेला हा माणूस तसाच पुढं कोसळणार आणि मला ते दुपारी कुणाच्या तरी फोनवरून कळणार, याची भीती. पण माझ्या तोंडून भीती नेहमी रागासारखीच बाहेर पडते. तो माझा जुना दोष आहे.

अशाच एका वर्षी उन्हाळ्यात मी गावी गेले ती मनाशी ठरवून गेले. या वेळी त्यांना घेऊनच यायचं. रात्री जेवताना विषय काढला. ते भाकरी कुस्करत राहिले. सकाळी उठून नेहमीसारखे काठाकडं निघाले. मी मागोमाग गेले. भेगाळलेल्या जमिनीवरून चालत पाण्यापर्यंत पोचायलाच पंधरा-वीस मिनिटं लागली. नावेत एक दूधवाला कॅन घेऊन बसला होता आणि एक म्हातारी होती, लेकीकडं निघालेली. अण्णांनी इंजिन गार ठेवणाऱ्या टाकीत बादलीभर पाणी ओतलं, डिझेलचा कॉक उघडला आणि सवयीनं सुतळी उचलली. मी म्हटलं, "द्या, मी धरते खटका." त्यांना बरं वाटलं. ते दिसलं मला. ते हसून म्हणाले, "धर. दाताला सुट्टी."

आता पुढचं मी सरळ लिहिते. बरीच वर्षं ते कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या मनात आलं, खटका लवकर सोडावा. इंजिन भक् करून थांबेल. अण्णा पुन्हा मारतील, मी पुन्हा लवकर सोडेन. तीन-चार वेळा असं झालं की ते दमतील, लोकांसमोर बसून घ्यावं लागेल, आणि त्यांना स्वतःलाच पटेल की आता आपल्याच्यानं होत नाही. मला त्यांना दुखवायचं नव्हतं. फक्त हरवायचं होतं. उलटं मारतं हे मला ठाऊक होतं, पण इतक्या वर्षांत मी ते डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या गोष्टीकडं माणूस कानाडोळा करतो.

त्यांनी हँडल मारायला घेतलं. मी खांद्याकडं बघत होते. खांदा अजून ताठ होता, चाक जड होतं, तेव्हाच मी खटका सोडला. भक्. थोडा धूर आला आणि चाक थांबलं. अण्णा म्हणाले, "लवकर झालं." दूधवाला हसला. "ताई इसरल्या वाटतं शहरात जाऊन." मी म्हटलं, "व्हय, सवय मोडली."

दुसऱ्यांदाही तसंच केलं.  या वेळी अण्णा हँडल हातात घेऊन तसेच उभे राहिले, श्वास घेत. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांनी खटक्याला लोंबणाऱ्या सुतळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता म्हणतील, राहू दे. पण त्यांनी हँडल पुन्हा बसवलं, अंगठा वर घेतला आणि वाकले.

तिसऱ्यांदा ते आधीपेक्षा जोरात फिरवत होते, आणि मी आधीपेक्षाही लवकर सोडला. मोठा आवाज झाला. चाक उलटं फिरलं, हँडल अण्णांच्या मोकळ्या मुठीतून सुटलं, गरकन् फिरून आलं आणि त्यांच्या उजव्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते ओरडले नाहीत. नावेच्या फळीवर बसले आणि डाव्या हातानं उजवा हात मांडीवर उचलून ठेवला. म्हातारी "अरं देवा, अरं देवा" करू लागली. दूधवाला धावला. "काय झालं अण्णा?"

अण्णा त्याला म्हणाले, "अंगठा आत ऱ्हायला माझा."

दूधवाल्याच्या तोंडावर आधी हसू आलं. तीस वर्षं हँडल मारणाऱ्या माणसाचा अंगठा आत राहिला! मग त्याचं त्यालाच बरं वाटलं नसावं, त्यानं खांद्यावरचा रुमाल सोडून हात बांधायला घेतला. मी खटक्यापाशी तशीच उभी होते. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी मनाशी म्हटलं, त्यांना कळलं नाही. त्यांना खरंच वाटतंय की चूक त्यांची. आणि लाज वाटते सांगायला, पण मला त्या क्षणी हायसं वाटलं.

त्याच दिवशी मी त्यांना शहरात आणलं. प्लास्टर झालं. ठरल्याच्या निम्म्या दिवसांत त्यांनी ते पाण्यात भिजवून स्वतःच कापून काढलं, कारण खाज सुटत होती. मी बोलले तर म्हणाले, "हात माझा." सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. हाड वाकडं जुळलं. त्यानंतर उजव्या हातात पाण्याचा तांब्यासुद्धा नीट धरता येत नसे. नाव गावातच काठावर पडून राहिली. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं.

पुंडलिकनगरात ते दिवसभर दारातल्या पायरीवर बसत. माझ्या मशीनचा आवाज ऐकत आणि मध्येच म्हणत, "तेल घाल त्याला." पाणी यायच्या दिवशी मात्र ते आत जाऊन बसायचे. पिंप भरताना कधी समोर आले नाहीत. मी त्यांना पाणी दिलं की तांब्या डाव्या हातात घेऊन थोडा वेळ नुसता धरून ठेवायचे. एकदा म्हणाले, "हे आपलंच पानी." मी म्हटलं, "व्हय." 

आमच्या गल्लीत तेव्हा जिकडंतिकडं बांधकामं चालू होती. प्यायला पाणी नव्हतं, पण स्लॅब टाकायचं काम थांबलं नव्हतं, टँकर येत होते. स्लॅबच्या दिवशी सकाळीच सिमेंट कालवायचा मिक्सर यायचा. त्याला तसंच एका सिलिंडरचं इंजिन, तसंच हँडल. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा अण्णा अनवाणी पळत गेले. मग हे नेहमीचंच झालं. कुठं मिक्सर आला की हे जाऊन उभे. हँडल मारणाऱ्या मजुराला सांगायचे, "अंगठा वर ठेव बाबा, अंगठा वर." मिक्सरवाला ठेकेदार शहागंजकडचा होता, भला माणूस. त्यानं एकदा विचारलं, "चाचा, आपका हाथ कैसे टूटा?"

"अंगठा अंदर रह गया," अण्णा म्हणाले.

मजूर हसले. एक जण म्हणाला, "हमको सिखाते और खुदच फँस गए!" अण्णाही हसले. मी भाजी घेऊन येत होते, कोपऱ्यावर थांबले आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत पुढं गेले नाही. असं एकदा नाही झालं. आमच्या शेजाऱ्यांना, ह्यांच्या कंपनीतल्या मित्रांना, दवाखान्यातल्या नर्सला, कुणी विचारलं की अण्णा तेच सांगायचे, त्याच शब्दांत. प्रत्येक वेळी मला खरं सांगावंसं वाटायचं आणि प्रत्येक वेळी मी म्हणायची, आता काय उपयोग.  ब्लाउजच्या बाह्या मात्र उलट्या जोडल्या जायच्या त्या दिवशी.

मग एका वर्षी नाशिककडं पाऊस भरपूर झाला आणि वरून सोडलेल्या पाण्यानं धरण भरलं. गावाकडून फोन आला. अण्णांनी तो कानाला लावून ऐकला, "बरं" म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. त्यांनी नावेचं विचारलं नाही. मीच विचारलं. उन्हात इतकी वर्षं पडून फळ्या तडकल्या होत्या, बुडाला हात जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. पाणी परत आलं होतं, पण त्यावर जायला काही उरलं नव्हतं. इंजिन तेवढं चांगलं होतं. अण्णांनीच मिक्सरवाल्या ठेकेदाराला सांगून टाकलं, घेऊन जा म्हणून. तो म्हणाला, चालू करून दाखवा, मग नेतो.

ठेकेदार, अण्णा आणि मी, असे तिघं गावी गेलो. पाणी जुन्या खुणेपर्यंत आलं होतं. मेंढवाड्याचे दगड, जुना रस्ता, सगळं पुन्हा खाली गेलेलं. नाव उंचावर कलंडून पडली होती आणि मी शिवलेलं शीड कुणी तरी कडब्याच्या गंजीवर झाकायला नेलं होतं, दुरून त्यावरचं 'हक्काचा' एवढंच वाचता येत होतं. अण्णांनी इंजिन पुसलं, तेल पाहिलं, नव्या डिझेलनं नळीतली हवा काढली. हे सगळं डाव्या हातानं, सावकाश. खटक्याची सुतळी कुजली होती, ती त्यांनी चिमटीनं तोडून टाकली. ठेकेदार बाह्या सारून पुढं झाला. अण्णा त्याला म्हणाले, "तुम नहीं. ये मारेगी." आणि मला म्हणाले, "धर हँडल. खटका मी धरतो."

 मी खटका कितीदा धरला असेल, हँडल कधी मारलं नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, मला नाही जमणार." ते म्हणाले, "जमतंय. अंगठा वर."

मी अंगठा वर घेतला आणि वाकले. ते माझ्या समोर, मायच्या जागी बसले होते. डावा हात खटक्यावर, वाकडा हात मांडीवर. पहिला फेरा मला फिरवताच येईना, इतकं जड. दुसऱ्याला चाक हललं. माझ्या मनात एकच होतं, की आता खटका त्यांच्या हातात आहे आणि मनगट माझं आहे. त्यांनी आत्ता सोडला तर माझ्याकडं तक्रार करायला तोंड नाही. मी मान वर करून पाहिलं. ते माझ्या तोंडाकडं बघत नव्हते, खांद्याकडं बघत होते. मी फिरवत राहिले. चाकानं वेग घेतला, हात आपोआप जाऊ लागला, खांद्यातला ताण गेला, आणि नेमक्या त्या वेळी त्यांनी खटका सोडला. इंजिन पहिल्याच ठोक्याला लागलं.

ठेकेदार खूश झाला. थोडा वेळ आवाज ऐकला, धूर पाहिला आणि रस्त्यावर थांबलेला टेम्पो बोलवायला गेला. अण्णांनी इंजिन बंद केलं. चाक फिरत फिरत थांबेपर्यंत ते त्याच्याकडंच बघत होते.

"अशी येळ धरायची असती," ते म्हणाले.

 मला सगळं कळलं होतं, तरी ते आणखी काही बोलू नयेत असं वाटत होतं.

"त्या दिशी दुसऱ्यांदा सोडलास तवाच कळलं मला," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "एकदा चुकतंय मानूस. तू चुकनारी नव्हतीस. तुझ्या मायनं शिकिवलं व्हतं तुला."

"मग तिसऱ्यांदा कशाला मारलं, अण्णा?" मी रडत होते. "सुतळी होती ना तिथं. दातात धरायची ना सुतळी."

त्यांनी वाकड्या हातानं इंजिनाच्या टाकीवरची धूळ पुसली.

"म्हनलं, तिसऱ्या बारीला नीट सोडशील."

टेम्पो आला. ठेकेदारानं आणि ड्रायव्हरनं वासा लावून इंजिन वर चढवलं. अण्णांनी त्यांना हँडल वेगळं काढून दिलं, फडक्यात गुंडाळून. ते देताना ड्रायव्हरचं लक्ष त्यांच्या मनगटाकडं गेलं आणि त्यानं विचारलं, "चाचा, ये क्या हुआ हाथ को?"

मी शेजारीच उभी होते. अण्णा म्हणाले, "अंगठा अंदर रह गया था," आणि मी तेव्हाही गप्प राहिले.